व्हॅक्यूम सीलर घेताना या चुका टाळा

फ्रीझरमधून मटारची पिशवी काढली तर ती सैल पडलेली. भरली होती तेव्हा दाणा न् दाणा प्लास्टिकवर उठून दिसत होता, आणि तीन आठवड्यांत आत बर्फाचा भुसभुशीत पांढरा थर. पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड सील करणाऱ्या माझ्या व्हॅक्यूम सीलरचा पंपच गेला असं समजून मी मशीन बदलायला निघाले होते. तेवढ्यात सुचलं म्हणून ती सैल पिशवी पाण्यात बुडवून दाबून पाहिली. सीलच्या रेषेवर एके ठिकाणी केसाएवढी सुरकुती होती आणि तिथून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती. पंप ठणठणीत होता, चूक माझी होती. पिशवीचं तोंड ताणून न धरताच मी झाकण दाबलं होतं.

तेव्हापासून मशीन निवडायला मदत मागणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: हवा काढणं सोपं आहे, काढलेली हवा बाहेर ठेवणं अवघड. खरेदीतल्या बहुतेक चुका पहिल्या गोष्टीकडेच बघत बसल्यामुळे होतात.

चूक पहिली: ओढण्याच्या आकड्याला भुलणं

खोक्यावर उणे 60, उणे 80 किलोपास्कल असे आकडे ठळक छापलेले असतात, म्हणजे मशीन आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती खाली नेतं ते. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 101 किलोपास्कल असतो. म्हणजे उणे 60 चं मशीन सुमारे 40 टक्के हवा आत ठेवतं आणि उणे 80 चं साधारण पाचवा हिस्सा. हा फरक खरा आहे आणि तो बघावाच. पण 80 की 85 यावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही, कारण सील कच्चं असेल तर दोन्ही पिशव्या चार दिवसांत सारख्याच सैल होतात.

त्यापेक्षा सीलची पट्टी, म्हणजे तापून पिशवीचे पदर चिकटवणारी पट्टी, बघा. ती रुंद आहे का, किंवा एकाऐवजी दोन रेषा मारते का? कोरड्या आणि ओल्या पदार्थांसाठी सीलचा वेळ वेगळा ठेवता येतो का? मध्येच थांबवून सील करायचं बटण आहे का? हे बटण नसेल तर मऊ फळं आणि ब्रेड यांचा चेंदामेंदा ठरलेला. लागोपाठ किती पिशव्या करता येतात आणि मध्ये किती विश्रांती द्यावी लागते, हे माहितीपुस्तिकेत शोधून वाचा. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस पिशव्या एका बैठकीत भरणाऱ्या घरात दर वेळी गरम होऊन बंद पडणारं मशीन लवकरच माळ्यावर जातं.

चूक दुसरी: काय साठवणार ते न ठरवता मशीन घेणं

घरगुती मशीनचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात पिशवीचं फक्त तोंड मशीनमध्ये असतं आणि हवा तोंडातून ओढली जाते. धान्य, सुकामेवा, चीजचे तुकडे, गोठवलेल्या भाज्या यांना ते पुरेसं आहे. पण आत रस्सा किंवा सूप असेल तर हवेपाठोपाठ तेही वर चढतं. आधी सीलच्या जागी ओल येते, मग ओघळलेलं पाणी झेलणारा ड्रिप ट्रे भरतो, आणि ट्रे नसेल तर पाणी थेट पंपात.

दुसरं चेंबर मशीन. यात अख्खी पिशवी पेटीत ठेवायची आणि सगळ्या पेटीतली हवा काढायची. पिशवीच्या आत आणि बाहेर दाब सारखाच उतरत असल्यामुळे पातळ पदार्थ जागचा हलत नाही. पिशव्याही साध्या, गुळगुळीत चालतात. मात्र मशीन जड असतं, ओट्यावरची बरीच जागा खातं आणि पेटीत मावेल एवढीच पिशवी घेतं.

आठवड्यातून तीन-चारदा पातळ पदार्थच भरायचे असतील तर चेंबर घ्या. कधीमधी भरणार असाल तर नका घेऊ. डब्यात रस्सा गोठवून घट्ट वडी करा आणि ती वडी पिशवीत घाला, साधं मशीनही ते छान करतं. ओलसर मांस-मासे तासदोन तास फ्रीझरमध्ये ठेवून वरून कडक झाले की भरावेत.

गरम पदार्थ मात्र कोणत्याच मशीनमध्ये घालू नका. दाब 20 किलोपास्कलवर आला की पाणी 60 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतं. नुसती कोमट वाटणारी उसळसुद्धा पेटीत खदखदते, आणि साध्या मशीनमध्ये तिची वाफ पंपात शिरते.

चूक तिसरी: पिशव्यांचा विचार नंतर करणं

मशीन एकदा घ्यायचं, पिशव्या कायम घ्यायच्या. तोंडाने ओढणाऱ्या मशीनला एका बाजूने खडबडीत, नक्षीदार पिशवी लागते. त्या खाचांतूनच हवेला वाट मिळते. गुळगुळीत पिशवीचे दोन पदर ओढ लागताच एकमेकांना चिकटतात आणि तळाची हवा आतच अडकते. चांगल्या पिशवीत आतला थर पॉलिथिनचा असतो, तो वितळून सील होतं. बाहेरचा नायलॉनचा, तो ऑक्सिजनला अडवतो. नुसत्या पॉलिथिनची पिशवी घट्ट दिसली तरी तिच्यातून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. म्हणून मशीन घेण्यापूर्वी त्याच्या मापाचे रोल सहज मिळतात का, दुसऱ्या कंपनीचे चालतात का, ते विचारून घ्या.

सगळ्यात मोठी चूक: हवा काढली म्हणजे पदार्थ टिकला

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण ही चूक जिवावर बेतू शकते.

हवा काढल्याने बुरशी रोखली जाते, तेलकट दाणे खवट व्हायला वेळ लागतो, फ्रीझरमध्ये पदार्थ कोरडा पडत नाही. पण सगळ्याच जंतूंना हवा लागते असं नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू तर ऑक्सिजन नसेल तिथेच वाढतो आणि त्याचं विष मज्जासंस्थेवर घाला घालतं. त्याच्या काही जाती 3 अंशांच्या आसपासही वाढू शकतात, म्हणजे घरच्या फ्रीजमध्येसुद्धा. लिस्टेरिया नावाचा जिवाणूही फ्रीजच्या थंडीला दाद देत नाही. एरवी पदार्थ नासला की वास येतो आणि आपण तो फेकतो. हवाबंद पिशवीत वास आणणारे जंतू मागे पडतात आणि विष तयार झालं तरी नाकाला पत्ता लागत नाही.

म्हणून जे फ्रीजमध्ये ठेवायचं ते सील केल्यावरही फ्रीजमध्येच, आणि बरेच दिवस ठेवायचं असेल तर उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये. कच्चा लसूण आणि मशरूम हवाबंद करून बाहेर ठेवू नयेत. गोठवलेला मासा फ्रीजमध्ये वितळायला ठेवताना पिशवी आधी उघडावी, म्हणजे आत हवा जाते. शिजवलेला पदार्थ बरणीत घालून हवा काढली की तो कपाटात टिकतो, हाही गैरसमज. कपाटात टिकवायला भरलेली बरणी आतल्या पदार्थासकट उष्णतेने निर्जंतुक करावी लागते आणि ते काम सीलर करत नाही.

कपाटात ठेवायचं ते फक्त खडखडीत कोरडं. धान्यात किडीची अंडी असण्याची शंका असेल तर आधी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबा उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं आणि तीच ओल पिशवीत जाते.

मशीन बरोबर, तरी अडतंय?

पंप चालतो पण पिशवी आवळत नाही: तोंड खाचेत नीट बसलंय का बघा. मग झाकणाच्या कडेचं रबर ओल्या फडक्याने पुसा, एखादा कण पुरतो हवा आत घ्यायला. रोलमधून कापलेल्या पिशवीचं दुसरं टोक सील करायचं राहून गेलं, असंही होतं.

सील झाल्यावर काही तासांनी सैल पडते: माझ्या मटारच्या पिशवीसारखी सीलवर सुरकुती, किंवा तोंडाच्या आतल्या बाजूला तेल नाहीतर पाणी. भरताना तोंड चार बोटं बाहेर दुमडून ठेवा, पदार्थ गेल्यावर उलगडा, म्हणजे सीलची जागा कोरडी राहते. वर पाच-सात सेंटिमीटर पिशवी मोकळी सोडा. हाडाच्या टोकाने किंवा कोरड्या पास्त्यानेही बारीक भोक पडतं, तिथे आतून कागदाची घडी लावा.

सील पक्कं, भोक नाही, तरी फुगते: कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली कच्चे भरले असतील तर ते वायू सोडतात. आधी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, लगेच गार करून, पुसून भरा. ताजी भाजलेली कॉफीही अशीच वायू सोडते, तिला दोनचार दिवस द्या. मात्र शिजवलेल्या पदार्थाची किंवा मांसाची पिशवी फुगली तर चव न घेता फेकून द्या.

पीठ उडून सीलवर बसतं: ते कागदी पिशवीत घालून मग प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

पिशवी वितळून भोक पडतं: पट्टी तापलेली आहे, थांबा. तरीही होत असेल तर पट्टीवरची टेफ्लॉनची फीत जळाली आहे का बघा, ती बदलता येते.

आणि काम झाल्यावर झाकण कुलूपबंद करून मशीन ठेवू नका. रबर महिनोन्‌महिने दबून चपटं होतं आणि मग पंप कितीही ओढला तरी कडेने हवा शिरत राहते. झाकण नुसतं टेकवून ठेवायचं, आणि मशीन घेतानाच ते रबर सुटं मिळतं का ते विचारून घ्यायचं.