चिनीत सिनेमावर बोलताना या चुका टाळा

रविवारी सकाळी माझ्याकडे पाच-सहा जण चिनी बोलायच्या सरावाला येतात. विषय निघतो सिनेमाचा, आणि त्याच त्या चुका ऐकून माझा चहा गार होतो. (उच्चार देवनागरीतच देते. पिनयिनमधला, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या चिनीतला, डी म्हणजे आपला त, टी म्हणजे थ, बी म्हणजे प. मराठी माणसाला एवढं फुकट मिळालंय, ते तरी वापरा.)

माझी सगळ्यात लाडकी चूक 'योउ यीस'ची, कारण ती मी स्वतः केलीय. सिनेमा 'हन योउ यीस' म्हणजे मजेदार. इथवर ठीक. बीजिंगमध्ये शिकत असताना एकदा सिनेमा पाहून आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मला म्हणायचं होतं, या दिग्दर्शकाच्या कामात मला रस आहे. मी ठणकावून म्हटलं, "वो तुए ताओयेन हन योउ यीस." टेबल शांत. मग आमच्या बाईंनी डंपलिंग खाली ठेवून विचारलं, "त्यांना माहीत आहे का?" माणसाच्या बाबतीत 'तुए' लावून 'योउ यीस' म्हटलं की अर्थ होतो, माझा त्याच्यावर जीव जडलाय. दिग्दर्शक साठीचे होते. पुढचे दोन महिने त्यांचं नाव निघालं की सगळे माझ्याकडे बघायचे. म्हणायचं असतं ते असं: "वो तुए था त त्येनयिंग हन कान शिंगछ्यू." हे वाक्य मी तेव्हा वहीत वीस वेळा लिहिलं. पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावीत.

नट 'हाओखान' म्हटलंत तर तो देखणा ठरतो. काम चांगलं करतो म्हणायचं तर 'येन त हाओ'.

सिनेमातली भूमिका या अर्थाचा शब्द 'च्युएस' आहे, 'च्याओस' नाही. अक्षर तेच, उच्चार वेगळा.

चिनीत मोजताना आकडा आणि नाम यांच्यामध्ये एक मापशब्द लागतो. सगळ्याला 'क' लावत सुटू नका. सिनेमाला 'पू', मालिकेच्या भागाला 'ची'.

आता सिनेमांची नावं. चिनी माणसासमोर 'दंगल दंगल' करून काही होत नाही. 2017च्या मेमध्ये तो तिकडे लागला तेव्हा थिएटरात डोळे पुसलेल्या माणसालाही हा शब्द ओळखीचा नसतो. त्याच्यासाठी तो 'श्वायच्याओ पा, पापा', म्हणजे साधारण 'कुस्ती खेळूया, बाबा!' '3 इडियट्स'चं तर 'तीन येड्यांचा बॉलिवूडमध्ये धुमाकूळ' झालंय: 'सान शा ता नाओ पाओलायवू'. त्या कथेत बॉलिवूड कुठे आहे, मला विचारू नका. तेव्हा मनानं भाषांतर करून नाव बनवायचा शहाणपणा नको. मी आधी तोउपानवर, म्हणजे सिनेमांची माहिती देणाऱ्या चिनी साइटवर, सिनेमा शोधते, तिथलं चिनी नाव हातानं उतरवते, सोबत नटाचंही. आमिर खान तिकडे 'आमीअर हान' असतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण आमच्या मंडळींना तेवढाही धीर नसतो. ते फोन पुढे करून पोस्टर दाखवतात. मग बोलायला शिकताय कशाला?

इंग्रजी सबटायटल बंद करा. चिनी मालिकांना खाली चिनी अक्षरं बहुतेक असतातच, ती वाचा. दीडपट वेगानं पाहणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि तीन महिने शिकून 'चन ह्वान च्वान' या मालिकेला हात घालू नका. राणीवशातल्या कारस्थानांचे 76 भाग आणि भाषा दरबारी. आमच्यातल्या एका मुलानं ते केलं. बीजिंगहून आलेल्या माझ्या मैत्रिणीशी बोलताना तो स्वतःला 'छनछ्ये' म्हणाला. हा शब्द बादशहासमोर त्याच्या बायका स्वतःसाठी वापरतात. मैत्रीण हसून हसून खुर्चीवरून घसरली. मी त्याला नीट समजावलं, साधं 'वो' म्हण. पुढच्या रविवारी आला तो खुशीत. म्हणाला, "ताई, पुरुषांसाठीचा शब्द सापडला," आणि स्वतःला 'चन' म्हणवून घेऊ लागला. तो फक्त बादशहा वापरतो.