बोल्डरिंगच्या टीम लीगमध्ये पहिल्यांदा उतरताय? या चुका टाळा

बोल्डरिंग म्हणजे दोराशिवाय, खाली जाड मॅट टाकून कमी उंचीच्या भिंतीवर चढणं. आमच्या जिममधली ही तिसरी लीग, चार जणांची टीम, सहा आठवडे, दर गुरुवारी संध्याकाळी नवा सेट, म्हणजे भिंतीवर नव्याने लावलेले प्रॉब्लेम (ठरावीक होल्ड, म्हणजे पकडी, धरून चढायचे मार्ग). तिन्ही वेळा मी टीम कॅप्टन होतो आणि त्याच त्या चुकांनी चांगल्या टीम्सची मजा गेलेली बघितलीये, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते, टीम बनवताना. सगळे तगडे क्लाइंबर गोळा करायला धावतात. अरे पण फ्रेंडली लीगमध्ये बऱ्याचदा हँडिकॅप असतो. आमच्याकडे स्वतःच्या ग्रेडचा (अवघडपणाची पातळी, व्ही पुढचा आकडा जितका मोठा तितकं अवघड) प्रॉब्लेम टॉप केला, म्हणजे शेवटच्या होल्डपर्यंत चढलात, की १० पॉइंट, एक ग्रेड वरचा केला की १५, खालचा केला तर ५. म्हणजे व्ही ६ वाल्याने रोजचा व्ही ५ मारला तर टीमला ५ मिळतात, आणि दोन महिन्यांपूर्वी क्लाइंबिंग सुरू केलेल्या व्ही १ वाल्या ताईने आयुष्यातला पहिला व्ही २ टॉप केला तर १५! तरी होतं काय, की स्ट्राँग पोरं भिंत अडवून बसतात, नवीन माणसाला शेवटची दहा मिनिटं मिळतात, तोपर्यंत होल्ड चॉकने (हात कोरडे ठेवायची पांढरी पूड) आणि घामाने गुळगुळीत झालेले असतात. आम्ही दुसऱ्या लीगपासून नवख्यांना आधी चढवतो आणि बाकीचे खाली होल्ड साफ करायचा ब्रश घेऊन उभे. पहिल्या लीगमध्ये आमच्या टीममधली एक मुलगी तिसऱ्या आठवड्यानंतर यायचीच बंद झाली, कारण तिला कोणी नीट चढूच दिलं नव्हतं, ते मला अजून लागतं.

ग्रेड सांगताना पण गडबड होते. दुसऱ्या जिममध्ये व्ही ४ करत होतो म्हणून इथेही व्ही ४ लिहितात. व्ही स्केल आली टेक्ससमधल्या ह्युको टँक्सच्या खडकांवरून, आणि जिममध्ये ती प्रत्येक सेटर (प्रॉब्लेम बनवणारा) आपापल्या अंदाजाने लावतो, त्यामुळे एकीकडचा व्ही ४ दुसरीकडे व्ही ३ निघू शकतो. आधी दोन सेशन त्याच भिंतीवर करा आणि मग लिहा. मुद्दाम कमी ग्रेड लिहून पॉइंट उकळायचे असतील तर प्लीज लीगमध्ये येऊच नका, बाकीच्यांचा विश्वास उडतो.

मग ती पहिली वीस मिनिटं. शिट्टी वाजली की लोक अटेम्प्टवर अटेम्प्ट मारत सुटतात, पडले की लगेच परत होल्डला हात, आणि अर्ध्या तासात फोरआर्म दगडासारखे. पूर्ण ताकदीच्या अटेम्प्टनंतर स्नायूंना परत तसाच जोर लावायला काही मिनिटं लागतातच, त्यामुळे अवघड प्रॉब्लेमवर निदान ३-४ मिनिटं थांबा. तो वेळ वाया जात नाही, टीममेटला बघा, प्रॉब्लेम वाचा. २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला होता. अशा स्पर्धांमध्ये फायनलच्या आधी सगळे फायनलिस्ट एकत्र फिरून प्रत्येक प्रॉब्लेम बघतात, हवेत हात हलवून मूव्ह ठरवतात, प्रतिस्पर्धी असूनही एकमेकांशी बोलतात. आपण तर मित्र आहोत, आपण का नाही बोलायचं?

पण बोलायचं म्हणजे समोरचा भिंतीवर असताना खालून "डावा पाय वर टाक, अरे हील लाव!" असं ओरडायचं नाही. काहींना स्वतः शोधण्यातच मजा येते. आधी विचारा, बीटा (कसं चढायचं त्याची टीप) हवाय का, नाही म्हणाले तर फक्त चिअर करा.

स्कोअरवरून भांडणं जवळपास नेहमी स्टार्ट आणि टॉपवरून होतात. आमचा नियम असा: स्टार्टचा टॅग लावलेल्या होल्डवर दोन्ही हात, दोन्ही पाय मॅटवरून सुटलेले, मग अटेम्प्ट सुरू, टॉपवर दोन्ही हात स्थिर दिसले पाहिजेत, नुसती थाप मारून पडलात तर टॉप नाही. मध्येच मॅटला पाय लागला की अटेम्प्ट संपला. तुमच्या जिमचा नियम वेगळा असू शकतो, पहिल्याच दिवशी सेटरला विचारून घ्या. वर्ल्ड कपमध्ये २०२५ पासून टॉपला २५ पॉइंट, झोनला (मधल्या एका ठरावीक होल्डला) १० आणि प्रत्येक फुकट गेलेल्या अटेम्प्टमागे ०.१ वजा असं आहे, ते बघून आम्हीही अटेम्प्ट मोजायला लागलो. मोजायचे तर दुसऱ्या टीमच्या माणसाकडून मोजून घ्या, स्वतःचे स्वतः मोजताना गडबड होतेच.

आता पडण्याबद्दल, आणि हे नीट वाचा. टॉप केल्यावर जोशात वरून उडी मारू नका, जमेल तेवढं डाउनक्लाइंब करा, म्हणजे होल्ड धरत खाली उतरा. पडताना गुडघे थोडे वाकलेले, दोन्ही पाय एकदम टेकवून मागे लोळा, हात मागे टेकवू नका, मनगट आणि कोपर तिथेच जातं. मॅटवर बाटली, फोन, ब्रश काही नको आणि कोणी चढत असेल तर त्याच्या खाली बसायचं नाही, फोटोसाठी पण नाही.

बोटांचं पण तसंच. बोटांच्या टेंडनना ताकद यायला स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे वर्षभर पण न झालेल्यांनी पॉइंटसाठी बारीक क्रिम्पवर (जेमतेम बोटांची टोकं मावतील अशा होल्डवर) फुल क्रिम्प करून, म्हणजे बोटं पूर्ण दुमडून वर अंगठा दाबून, लटकू नये. बोटात टक् असा आवाज आला किंवा बोटाच्या मुळाशी दुखायला लागलं तर टेप गुंडाळून पुढे चढू नका, त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरला दाखवा. कॅप्टनने तेव्हा "एकच अटेम्प्ट अजून" म्हणू नये, ही माझी हात जोडून विनंती.

पावसाळ्यात लीग असेल तर दमटपणा धरूनच चला, जुलैमध्ये स्लोपरवर (धार नसलेल्या गोलसर होल्डवर) हात टिकतच नाही. लिक्विड चॉक आधी लावा, वरून थोडा साधा चॉक, ओले शूज पुसून मगच भिंतीला लावा आणि आपला अटेम्प्ट झाला की होल्ड ब्रश करून द्या, पुढचा दुसऱ्या टीमचा असला तरी.

आणि गुरुवारी कोणी ट्रॅफिकमध्ये अडकलं तर रुसवेफुगवे नकोत. आमच्याकडे सेट पुढच्या बुधवारी रात्री उतरवतात, तोपर्यंत राहिलेले अटेम्प्ट देता येतात, फक्त सोबत दुसऱ्या टीममधलं कोणीतरी बघायला हवं. ग्रुपवर मेसेज टाकला की कोणी ना कोणी येतंच.