गाडी वडिलांची, धंदा मुलाचा: विमा काढण्याआधीची यादी

आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), जुनी पॉलिसी, पॅन-आधार, चालवणाऱ्याच्या लायसन्सची प्रत. हे सगळ्यांना माहीत असतं. आरसीवरचा चेसिस नंबर तेवढा जुन्या पॉलिसीशी ताडून घ्या. एक आकडा इकडचा तिकडे झालेला असला की नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर तिथेच अडून बसतो.

त्यानंतर ठरवायचं ते हे की गाडी धंद्याला म्हणजे नक्की कशाला लावणार. मोघम सांगितलं की एजंट स्वस्त पडेल तिथे टिक करून मोकळा होतो, आणि खाली सही तुमची असते. साइटवर जाणं, गिऱ्हाइकाला भेटणं, नमुने दाखवायला नेणं हे साध्या खासगी पॉलिसीत बसतं. माल वाहणं बसत नाही. सँपलची पेटी चालेल, मागची सीट पाडून भरलेली ऑर्डर चालणार नाही. भाडं घेऊन माणसं नेणं तर अजिबातच नाही. ओळखीतल्याला स्टेशनवर सोडून पैसे घेतले तरी ते भाडंच. वापराची ही अट पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ या मथळ्याखाली दोन-तीन ओळींत छापलेली असते. पैसे भरण्याआधी शेड्यूलचा मसुदा मागवून त्या ओळी वाचाच.

त्यातही एक मेख आहे. खासगी पॉलिसीत धंद्याचा वापर मान्य असतो तो विमेदाराच्या स्वतःच्या व्यवसायासाठी, किंवा त्याच्या नोकरांनी त्याच व्यवसायासाठी केलेला. गाडी वडिलांच्या नावावर आणि दुकान मुलाच्या नावावर असेल तर विमेदाराचा व्यवसाय कोणता, हा वाद उभा राहू शकतो. कंपनीला ईमेल करा: मालक अमुक, चालवणार मुलगा, व्यवसाय मुलाचा, वापर असा असा. उत्तर लेखी घ्या. ‘चालतं हो, सगळेच करतात’ हे एजंटाचं फोनवरचं उत्तर क्लेमच्या फाइलला लावता येत नाही.

आता ज्याच्यासाठी ही यादी लिहिली ते कलम. मुलाच्या नावाचं अपघाती संरक्षण, म्हणजे पीए कव्हर. पॉलिसीवर ‘कम्पल्सरी पीए, १५ लाख’ असं ठळक दिसतं आणि वाटतं, झालं काम. झालेलं नसतं. ते १५ लाख ‘ओनर-ड्रायव्हर’चे आहेत: आरसीवर ज्याचं नाव, पॉलिसी ज्याच्या नावे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स, त्या एकाच माणसाचे. तिन्ही अटी एकाच माणसात जुळायला हव्यात. रोज गाडी चालवणारा मुलगा त्यात नाही. सून नाही, भाऊ नाही. वडिलांनी लायसन्सचं नूतनीकरण केलेलं नसेल तर वडीलसुद्धा नाहीत.

मग थर्ड पार्टीतून, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर ते भरून देणाऱ्या विम्यातून, मिळेल असं समजू नका. मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं आहे. मुलाच्याच चुकीने गाडी झाडावर आदळली आणि तो गेला, तर त्याच्या बायको-मुलांनी वडिलांच्या विमा कंपनीकडे थर्ड पार्टी म्हणून भरपाई मागायला जागा उरत नाही. समोरच्याचं नुकसान भरून निघेल, गाडीचं भरून निघेल, चालवणाऱ्याच्या घरच्यांच्या हातात काही पडणार नाही. प्रवाशांसाठीचं ‘अननेम्ड पॅसेंजर’ कव्हर घेतलं म्हणून स्टिअरिंगवरचा माणूसही आला असं धरून चालू नका.

पगारी ड्रायव्हरसाठीचं कव्हरही इथे उपयोगी नाही, कारण मुलगा पगारी नाही. त्याला खरोखरच पगार देत असाल, तो हिशेबाच्या वहीत दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. नुसतं कागदावर ‘ड्रायव्हर’ लिहून भागत नाही.

म्हणून दोन कामं करा. एक, पॉलिसीत ‘नेम्ड पर्सन’ म्हणून मुलाचं नाव घालून घ्या. मोटार विम्याच्या मूळ टॅरिफमध्ये, म्हणजे दर-नियमांच्या पुस्तकात, याची मर्यादा माणशी २ लाखच आहे, म्हणजे एवढ्यावर थांबायचं नाही. दोन, मुलाच्या स्वतःच्या नावावर वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, त्याच्या उत्पन्नाला शोभेल एवढ्या रकमेची. त्यात व्यवसाय खरा लिहा. दिवसभर गाडी चालवणाऱ्याला ‘ऑफिसकाम’ दाखवून थोडा प्रीमियम वाचतो आणि क्लेम लटकतो. नॉमिनीचा रकाना रिकामा ठेवू नका. आणि शेड्यूल हातात आलं की त्यावर मुलाचं नाव, पूर्ण आणि बरोबर स्पेलिंगचं, बोट ठेवून वाचा. दिसत नसेल तर ते घेतलेलं नाही. पावती असली तरी नाही.

लायसन्स. हलक्या मोटारवाहनाचं लायसन्स ७,५०० किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनालाही चालतं, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. त्यामुळे वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही म्हणून क्लेम नाकारला तर भांडता येतं. मुदत संपलेल्या लायसन्सवर मात्र भांडता येत नाही. टॅक्सीसाठी बॅज लागतो, तो वेगळा.

भाडंच मारायचं असेल तर खासगी पॉलिसीत जोडतोड करत बसू नका. गाडी पिवळ्या पाटीवर न्यावी लागते: कर्ज असेल तर आधी बँकेचं ना-हरकत, मग आरटीओकडे नोंदणीचा बदल, फिटनेस, परमिट. आरटीओ विमा मागतं आणि विमा कंपनी बदललेली आरसी, तेव्हा आधी काय द्यायचं ते दोन्हीकडे विचारून घ्या. खर्चाचा अंदाज: २०२२ च्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम ३,४१६ रुपये; तेवढ्याच इंजिनाच्या टॅक्सीला ७,९४० आणि वर प्रत्येक प्रवाशामागे ९७८. चार प्रवासी धरले तर ११,८५२, जीएसटी वेगळा. हा फरक वाचवायला पांढऱ्या पाटीवर भाडं मारलं तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम तर जातोच, आणि समोरच्याला दिलेली भरपाईही कंपनी मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. मालक म्हणजे वडील. त्यांचं घर, त्यांची ठेव. ड्रायव्हरचं पीए इथेही आपोआप येत नाही, नाव घालावंच लागतं.

बाकी भराभर. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, प्रीमियम वाचवायला मुद्दाम पाडू नका. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारा ‘नो क्लेम बोनस’, खरा सांगा, कंपन्या तो तपासतात. आधीची पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर एनसीबी गेला. वर्षाच्या मध्ये वापर बदलला तर लगेच एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी दुरुस्ती. पॉलिसीची प्रत गाडीत, मुलाच्या फोनमध्ये आणि घरी.

नूतनीकरणाला ऑनलाइन बटण दाबण्याआधी नव्या शेड्यूलचा पीएचा रकाना उघडा. मागच्या वर्षी घातलेलं नाव यंदाही आहे का ते बघा, आणि नसेल तर पैसे भरू नका.