सोडून दिलेली लायब्ररी दत्तक घेताय? या चुका टाळा

मागे मी एक छोटीशी पायथन लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळायला घेतली, काम एकच, आकडा दिला की रक्कम अक्षरी करून द्यायची, बिलाच्या खाली "रुपये पाच हजार दोनशे फक्त" असतं ना, ते. मूळ मालकाचं मेलला एका ओळीत उत्तर आलं, "घे बाबा, मला वेळ नाही", आणि गिटहबचा, म्हणजे कोड ठेवायच्या साइटचा, ॲक्सेस मिळाला. मी खूश. पहिल्याच शनिवारी बसून सगळा कोड घासूनपुसून चकाचक केला आणि तिथेच माती खाल्ली.

झालं असं, की आत इनपुट नुसतं इंटमध्ये (मजकुराचा पूर्णांक करणारं पायथनचं फंक्शन) टाकलेलं, तपासणी काहीच नाही. मी म्हटलं हे काय, आणि फक्त इंग्रजी अंक घेणारा रेजेक्स, म्हणजे मजकूर तपासायचा साचा, लावला. आता गंमत अशी की पायथनचं इंट देवनागरीतलं '१२' पण गुपचूप १२ च धरतं आणि वापरणारे नेमके तसेच आकडे देत होते, ते सगळे एरर खाऊन परत. वर 'पंचाऐंशी'चं 'पंच्याऐंशी' केलं, शुद्धलेखन सुधारलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली, तर एकाच्या टेस्ट त्या जुन्या स्पेलिंगवरच उभ्या होत्या. तेव्हा पहिला रिलीज एकदम कंटाळवाणा काढा. नवीन पायथनवर चालेल एवढंच. पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं साधन) काढून टाकलंय, जुन्या लायबऱ्या बऱ्याचदा तिथेच अडतात, सेटअपच्या फाइलमध्ये त्याच्या जागी सेटअपटूल्स वापरलं की बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते. जुन्या पायथनचा सपोर्ट काढणार असाल तर पायथन-रिक्वायर्स (कोणतं पायथन लागतं ते सांगणारी ओळ) लिहायला विसरू नका, नाहीतर जुन्या मशीनवरचा पिप (पॅकेज उतरवून बसवणारं साधन) तुमचं नवीन व्हर्जन आनंदाने उचलणार आणि मग शिव्या तुम्हालाच.

आणि बिघडलंच तर? डिलीट करू नका, पायपीआयवर (पायथन पॅकेजचं सार्वजनिक भांडार) यँक करा. म्हणजे नवीन कोणी चुकून उचलत नाही, पण ज्याने ते व्हर्जन पिन केलंय, म्हणजे नेमकं तेच मागितलंय, त्याचा बिल्ड पडत नाही. तीच फाइल त्याच नावाने परत चढवता येत नाही, पुढचा नंबर घ्यावाच लागतो.

कोडला हात लावायच्या आधी आणखी एक काम, जे मी केलं नव्हतं. पायपीआयवरून शेवटचा टारबॉल (रिलीजची गुंडाळलेली फाइल) उतरवा आणि रेपोतल्या, म्हणजे गिटहबवरच्या कोडमधल्या, त्याच व्हर्जनच्या टॅगशी डिफ मारा, दोन्हींत फरक आहे का ते पाहा. शेवटचा रिलीज कोणाच्या तरी लॅपटॉपवरून निघालेला असतो आणि दोन फिक्स गिटमध्ये कधी आलेच नाहीत, असं होतं. आणि याला दुसरी, भीतीदायक बाजू पण आहे, तिच्याकडे येतोच.

रेपो मिळाला म्हणजे लायब्ररी मिळाली असं नाही. मी रिलीज चढवायला गेलो तर सरळ ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', कारण पायपीआयचं खातं वेगळं आणि मालक तोवर परत गायब. मालक सापडतच नसेल तर पेप ५४१ (पायथनवाल्यांचा नियमांचा दस्तऐवज) वाचा, त्यात नाव हस्तांतराचे नियम आहेत: १२ महिन्यांत रिलीज नाही, मालकाशी संपर्क होत नाही, तुमच्या फोर्कमध्ये (कोडची तुम्ही वेगळी काढलेली प्रत) खरं काम दिसतंय, आणि वेगळ्या नावाने का चालणार नाही हे पटवून द्यायचं. वेळ लागतो. खरं सांगू का, बऱ्याचदा नवीन नावाने फोर्क काढणंच बरं. परवाना एमआयटी असला तरी मूळ कॉपीराइटची ओळ मात्र तशीच ठेवा, ती पुसून आपलं नाव टाकणं म्हणजे चोरीच.

जुन्या मालकाची खाती तशीच लटकत ठेवणं ही पण चूकच. सीटीएक्स नावाचं पॅकेज २०१४ नंतर हललं नव्हतं, मालकाच्या ईमेलचं डोमेन संपलं, कोणीतरी ते विकत घेऊन पासवर्ड रीसेट केला आणि मे २०२२ मध्ये त्यातून लोकांच्या मशीनवरच्या गुप्त किल्ल्या चोरणारा कोड वाटला. ताबा घेतल्यावर जुने टोकन (पासवर्डऐवजी चालणाऱ्या चाव्या) रद्द, टू-फॅक्टर चालू, आणि मालकाला आदराने विचारून त्याचा पब्लिश हक्क काढा.

आता ती दुसरी बाजू. कधीतरी तुम्ही पण दमणार आणि कोणीतरी गोड बोलून "मी मदत करू का" म्हणणार. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाचं जावास्क्रिप्ट पॅकेज असंच एका अनोळखी माणसाच्या हाती गेलं आणि त्यातून कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारायचा घाट घातला गेला. एक्सझेडची (फाइल दाबून लहान करणारं, लिनक्सवर सर्रास असणारं साधन) गोष्ट तर त्याहून वाईट, एकटा माणूस सांभाळतोय, मागे "अपडेट कधी"चा तगादा, आणि जिया टॅन नावाने कोणीतरी दोनेक वर्षं खरंच चांगले पॅच देत देत आत शिरला. बॅकडोर, म्हणजे चोरदरवाजा, जुळवून घेणारी फाइल होती टारबॉलमध्ये, गिटमध्ये नव्हतीच! मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरणं) अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं म्हणून ते सापडलं.

माझ्या लायब्ररीला दुसरा माणूस अजून मिळालेला नाही. अक्षरी रकमेत कोणाला रस असेल तर या, 'पंच्याऐंशी'वर भांडू पण, फक्त आधी पॅच पाठवा, पब्लिशची चावी लगेच मिळणार नाही.