सपाट तळाच्या शिडाच्या होडीत साचणारे उथळ पाणी

गोल किंवा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या तळात आत आलेले पाणी आपोआप मधल्या खोलगट भागात उतरते आणि पंपाने ते सहज उपसता येते. सपाट तळाला असा खोलगट भाग नसल्यामुळे तेच पाणी सगळीकडे पातळ पसरते. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या जलाशयात मी चालवतो त्या प्लायवुडच्या होडीचा आतला तळ साधारण 3 चौरस मीटरचा आहे. त्यावर अवघे 1 सेंटीमीटर पाणी दिसले, तर ते 30 लिटर, म्हणजेच 30 किलो वजन असते. पायाखाली नुसती ओल वाटते, आणि होडी मात्र एखादे लहान मूल बसवल्यासारखी जड झालेली असते. शिवाय हे वजन एका जागी थांबत नाही. वाऱ्याने होडी कलली की सगळे पाणी खालच्या बाजूला धावते आणि तो कल आणखी वाढवते. म्हणून उथळ पाण्याकडे दुर्लक्ष करू नये.

अनेक जण पहिल्यांदा विजेवर चालणारा छोटा पंप आणि त्याला आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच बसवतात. माझ्या मते सपाट तळात ही जोडी फारशी उपयोगी नाही. तो स्विच उचलला जाण्यासाठी पाण्याची पातळी काही सेंटीमीटर चढावी लागते. ती 5 सेंटीमीटर धरली, तरी वरच्या हिशेबाने 150 लिटर पाणी साचेपर्यंत पंप गप्पच राहील. पुढे, पाणी पंपाच्या तोंडावरच्या जाळीच्या खाली गेले की पंप हवा ओढू लागतो, आणि तो बंद होताच नळीत उरलेले पाणी परत होडीत उतरते. 20 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 3 मीटर नळीत जवळपास 1 लिटर पाणी असते. नळीत उलट पाणी अडवणारी झडप बसवल्यास हे टळते, परंतु तळाशी उरलेला थर तसाच राहतो.

खरा उपाय असा की पाणी उपसण्याआधी ते एका जागी गोळा करावे. किनाऱ्याजवळ शांत पाण्यात शीड उतरवून घ्यावे किंवा शिडाची दोरी पूर्ण सैल सोडून होडीचे तोंड वाऱ्याकडे करावे, आणि मग मागच्या एका कोपऱ्याजवळ सरकून बसावे. आपल्या वजनाने तो कोपरा खाली जातो आणि पाणी तिकडे वाहत येते. जिथे 1 सेंटीमीटरही खोली नव्हती, तिथे आता प्लास्टिकचा मग बुडेल इतके पाणी जमते. दोघे असतील तर एकाने कोपऱ्यात वजन द्यावे आणि दुसऱ्याने मध्यावर, तोल सांभाळता येईल असे बसून, उपसावे. लाइफ जॅकेट या वेळीही अंगावर असावे, कारण माणूस वाकलेला असतानाच होडी डोलते.

हे वाहणे विनाअडथळा होण्यासाठी तळावरच्या प्रत्येक आडव्या पट्टीला, अगदी तळाशी टेकून, बोटभर रुंदीची खाच असावी लागते. या खाचा पाने, वाळू आणि दोऱ्यांच्या तंतूंनी बुजतात. पाणी मागे येत नसेल तर आधी त्या तपासाव्यात. नव्याने खाच पाडल्यास उघडे पडलेले लाकूड इपॉक्सीने नीट बंद करावे, कारण ओल तिथूनच आत शिरते.

उपसण्यासाठी तेलाचा 5 लिटरचा प्लास्टिकचा डबा तिरका कापून घेतल्यास त्याची सरळ कड तळाला चिकटून चालते. केर भरायची प्लास्टिकची सुपलीही तितकीच चांगली. गोल तोंडाचा मग सपाट तळावर फक्त एका बिंदूवर टेकतो. उरलेल्या पाण्यासाठी टाइल्स बसवणारे कारागीर वापरतात तो मोठा स्पंज घ्यावा. डबा आणि स्पंज दोन्ही दोरीने होडीला बांधून ठेवावेत, कारण होडी उलटली तर त्यांची सर्वांत जास्त गरज असते आणि नेमके तेव्हाच ते वाहून जातात. चालत्या होडीतून पाणी बाहेर ओढणाऱ्या झडपा वेग असेल तेव्हाच काम करतात. मंद वाऱ्यात त्या उघड्या राहिल्या तर उलट पाणी आत येते.

पाणी पुन्हा पुन्हा साचत असेल तर गळतीची जागा शोधलीच पाहिजे. होडी किनाऱ्यावर घेऊन आतून पूर्ण कोरडी करावी आणि सांध्यांवर, मागच्या प्लगभोवती (पाणी काढण्याच्या भोकाचे बूच) व सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडी बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या, पेटीच्या बुडाशी कोरडी रांगोळी भुरभुरावी. होडी पाण्यात सोडल्यावर जिथे रांगोळी प्रथम काळपट होते, तिथून पाणी येते. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा ती जागा पेटीचे बूडच असते, कारण बोर्डावरचा वाऱ्याचा सगळा ताण त्या सांध्यावर येतो.

पावसाळ्यात मात्र गळती नसतानाही होडी भरते. 5 चौरस मीटरच्या उघड्या होडीत 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 250 लिटर पाणी जमते. जमिनीवर ठेवलेल्या होडीचे तोंड वीतभर उंच करावे, मागचा प्लग काढून ठेवावा आणि वर उताराचे आच्छादन घालून दोन्ही टोकांना हवा खेळू द्यावी. धरणाचे पाणी गोडे आहे. समुद्राच्या मिठामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला जो अटकाव होतो तो इथे मिळत नाही, त्यामुळे आयएस 710 दर्जाचे, म्हणजे पाण्यात वापरण्यासाठी बनवलेले मरीन प्लायवुडही सतत ओले ठेवू नये. शिवाय साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात. काढलेला प्लग सुकाणूच्या दांड्याला बांधून ठेवावा, म्हणजे होडी पुन्हा पाण्यात ढकलण्यापूर्वी तो हाताला लागतोच.