परदेशी स्टड घेताय? पैसे सोडण्याआधी एवढं तपासा

परदेशातून स्टड, म्हणजे प्रजननासाठीचा नर कुत्रा, आणणारे लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा उशिरा. कुत्रा विमानातून उतरलेला असतो, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरून झालेले असतात, दोन मेटिंग झालेल्या असतात आणि दोन्ही माद्या रिकाम्या राहिलेल्या असतात. मग विचारणा होते, "डॉक्टर, याचं जरा सीमेन बघता का?" वीर्य तपासून बघते. पण तोवर दोष विकणाऱ्याच्या घरचा, प्रवासातला की तुमच्याकडचा, हे सांगणं अवघड होऊन बसतं. मी पशुवैद्यक आहे, कुत्र्यांचं प्रजनन हेच माझं रोजचं काम. त्यामुळे रंग, डोकं, चाल, चँपियनचे किताब यावर मी काही बोलणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आधी 75 दिवसांचं गणित समजून घ्या

कुत्र्याच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण 62 दिवस लागतात. तिथून तो एपिडिडिमिस नावाच्या वेटोळ्या नळीत जातो आणि पुढचे दोनेक आठवडे तिथे पिकतो. म्हणजे आज नमुन्यात आलेलं वीर्य हा अडीच महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या कामाचा माल असतो.

व्यवहारात याचा फार उपयोग होतो. कुत्रा उतरल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत घेतलेला नमुना जवळजवळ सगळा विकणाऱ्याच्या घरीच तयार झालेला असतो. तो खराब निघाला तर "प्रवासाचा ताण हो" हे उत्तर सहजासहजी मान्य करू नका. उलट पहिला नमुना उत्तम आणि सहा-आठ आठवड्यांनी घेतलेला वाईट, असं झालं तर मधल्या काळात काय घडलं ते शोधा. पेटीत झालेला उकाडा, उतरल्यावर आलेला ताप, कुणीतरी दिलेलं स्टेरॉइड. वृषणं शरीराबाहेर असतात ती थंड राहावीत म्हणूनच. चार दिवस अंगात ताप राहिला तरी त्याचा फटका पुढे दोन-अडीच महिने दिसत राहू शकतो. तो बऱ्याचदा भरूनही येतो. म्हणून एका वाईट रिपोर्टवर नर निकालात काढायचा नाही, 75 दिवसांनी पुन्हा बघायचं.

बिथरलेल्या कुत्र्याचं मात्र वेगळं असतं. नवी जागा, नवी माणसं, निसरडी फरशी. असा नर नमुना अर्धवट देतो आणि रिपोर्टवर शून्य येतं. माजावरच्या मादीचा कापसाचा बोळा मी फ्रीझरमध्ये जपून ठेवते, तो हुंगवला की निम्मे नर सरळ होतात. तरीही शून्यच आलं तर त्या द्रवातलं अल्कलाइन फॉस्फेटेज मोजून घ्या. हे एन्झाइम कुत्र्यात मुख्यतः एपिडिडिमिसमधून येतं. लिटरला 5000 युनिटच्या वर असेल तर नमुना पूर्ण होता आणि शुक्राणू खरोखरच नाहीत. फारच कमी असेल तर नमुना अर्धवट आहे किंवा दोन्ही बाजूंचा मार्ग बंद आहे. साधी चाचणी आहे, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

सीमेन रिपोर्ट कसा वाचायचा

नमुना घेताना मी कोमट केलेल्या तीन नळ्या हाताशी ठेवते. आधी थोडासा स्वच्छ द्रव येतो. मग दुधाळ भाग येतो, शुक्राणू असतात ते यात. त्यानंतर पुन्हा स्वच्छ द्रव, भरपूर, तो प्रोस्टेट ग्रंथीचा. दुधाळपणा संपला की लगेच नळी बदलायची. दुसऱ्या नळीत पिवळी झाक दिसली तर लघवी मिसळली आहे, तांबूस दिसली तर रक्त आहे आणि संशय आधी प्रोस्टेटवर घ्यायचा. स्लाइडसुद्धा 37 अंशांवर गरम लागते. गार काचेवर चांगले शुक्राणूही मंदावतात आणि भल्या नराला "हालचाल कमी" असा शेरा मिळतो. लेटेक्स आणि काही जेलही शुक्राणूंना मारक असतात.

आता आकड्यांकडे. लोक "मिलिलिटरला इतके" हा आकडा दाखवतात आणि तिथेच फसगत होते, कारण प्रोस्टेटचा द्रव किती गोळा केला यावर तो आकडा हवा तसा वरखाली होतो. एका नराचे मिलिलिटरला 10 कोटी आणि द्रव 1 मिलिलिटर, म्हणजे एकूण 10 कोटी. दुसऱ्याचे मिलिलिटरला 5 कोटीच, पण द्रव 10 मिलिलिटर, म्हणजे एकूण 50 कोटी. दुसरा नर सरस. तेव्हा बघायची ती एकूण संख्या. सर्वसाधारणपणे एका वेळी 20 ते 30 कोटींच्या वर हवी. मोठ्या जातीच्या नराकडून मी याहून बरीच जास्त अपेक्षा ठेवते, कारण संख्या वृषणांच्या आकारावर ठरते. पुढे सरळ पोहणारे शुक्राणू 70 टक्क्यांच्या वर, आणि रंगवलेल्या स्लाइडवर आकाराने निर्दोष असलेले 70 ते 80 टक्क्यांच्या वर हवेत. हा शेवटचा आकडा पुष्कळ रिपोर्टांत नसतोच. गुंडाळलेल्या शेपट्या, सुटलेली डोकी, मानेपाशी अडकलेले थेंब हे मोजायला वेळ लागतो म्हणून टाळतात. तो नसेल तर रिपोर्ट अपुरा समजा.

रिपोर्टवर तारीख, कुत्र्याच्या कातडीखालच्या ओळख-चिपचा नंबर आणि आधी किती दिवस विश्रांती होती हे हवंच. महिनोन्महिने न वापरलेल्या नराच्या पहिल्या नमुन्यात जुने, मेलेले शुक्राणू भरपूर असतात. काही दिवसांनी घेतलेला दुसरा नमुना खरं चित्र दाखवतो. मोबाइलवर पाठवलेला वळवळणाऱ्या शुक्राणूंचा व्हिडिओ पुरावा म्हणून शून्य. ते शुक्राणू कोणाचे, कुणाला ठाऊक. मागायचाच असेल तर चिप स्कॅन होण्यापासून नमुना स्लाइडवर येईपर्यंतचा सलग, न कापलेला व्हिडिओ मागा. भला विक्रेता रागावत नाही.

आधीच्या पिल्लांचे दाखले मिळाले तर उत्तमच, पण तारखा बघा. पिल्लांची तीन वर्षांपूर्वीची शेवटची खेप आजच्या नराबद्दल फार काही सांगत नाही. सहा-सात वर्षांचा नावाजलेला स्टड अचानक विकायला निघाला असेल तर "का विकताय?" हा प्रश्न मी तरी सर्वात आधी विचारेन. या वयात प्रोस्टेट वाढलेलं असणं फारच सामान्य आहे. सोनोग्राफीत कळतं आणि फिनास्टेराइडसारख्या औषधाने वीर्य न बिघडता आटोक्यातही येतं. पण माहीत असून घेणं वेगळं आणि नंतर कळणं वेगळं.

न सांगितलेली औषधं

डेस्लोरेलिनचं इम्प्लांट हे यातलं मोठं प्रकरण. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडीशी मोठी कांडी कातडीखाली सोडतात, आणि नर सहा महिने किंवा वर्षभर, डोसप्रमाणे, तात्पुरता नपुंसक होतो. घरात माद्या असल्या की अनेक जण प्रामाणिकपणे वापरतात, त्यात गैर काही नाही. पण असा नर विकत घेतला तर त्याची वृषणं लहान आणि मऊ लागतात, वीर्यात काही नसतं आणि पूर्ववत व्हायला पुढे कित्येक महिने जातात. चिप स्कॅनरवर हे दिसत नाही. "गेल्या दोन वर्षांत इम्प्लांट, टेस्टोस्टेरॉन, अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, केटोकोनाझोल यातलं काही दिलेलं नाही" असं लेखी घ्या. शोमध्ये अंग भरलेलं दिसावं म्हणून हॉर्मोन टोचणारे महाभाग आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो, त्यामुळे "मर्दानी" दिसणारा नर कधी कधी रिकामा निघतो.

वृषणं दोन्ही खाली उतरलेली हवीत. हाताने चाचपून, आणि शंका वाटली तर सोनोग्राफी करून. सिलिकॉनचं कृत्रिम वृषण बसवता येतं, हे बऱ्याच खरेदीदारांना माहीतच नसतं. न उतरलेल्या वृषणाचा दोष आनुवंशिक धरतात, त्यात गाठीचा धोकाही वाढतो. असा नर देखणा असला तरी स्टड म्हणून घेऊ नये. तीन महिन्यांचं पिल्लू आणणार असाल तर वृषणं उतरली आहेत एवढंच बघता येतं. त्याच्या प्रजननक्षमतेची हमी कुणीही देऊ शकत नाही, देत असेल तर त्या हमीवर जास्त पैसे मोजू नका.

ब्रुसेला: इथे सवलत नाही

ब्रुसेला कॅनिस हा जिवाणू 1966 साली अमेरिकेत बीगल कुत्र्यांत ओळखला गेला. नराच्या वृषणांना सूज (वृषणशोथ) येऊ शकते, अंडकोषाची कातडी चाटून चाटून सोलवटते, किंवा बाहेरून काहीच दिसत नाही. मादी गाभ टाकते, बहुधा 45 दिवसांनंतर. माणसालाही होतो. अँटिबायोटिक दिली तरी कुत्र्याच्या शरीरातून तो पूर्ण गेला याची खात्री देता येत नाही, म्हणून लागण झालेला नर स्टड म्हणून संपला असंच धरायचं. ब्रिटनमध्ये 2020 पासून बाहेरून आणलेल्या कुत्र्यांमुळे ही प्रकरणं बरीच वाढली.

"आमच्याकडे निगेटिव्ह आलाय" एवढ्यावर थांबू नका. नुकतीच लागण झाली असेल तर रक्तातल्या अँटिबॉडी दिसायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. तेव्हा निघण्याआधीच्या महिन्याभरात एकदा, उतरल्याबरोबर एकदा आणि पुन्हा आठ ते बारा आठवड्यांनी एकदा, अशी तपासणी करा. झटपट स्लाइड टेस्टमध्ये खोटे पॉझिटिव्हही येतात. तसं झालं तर घाबरून निर्णय न घेता पीसीआर किंवा कल्चरने खात्री करून घ्या. तिसरा रिपोर्ट हातात येईपर्यंत नर वेगळा ठेवायचा, एकही मादी नाही. वीर्य आणि लघवी हाताळताना हातमोजे, आणि गरोदर बाई किंवा लहान मूल त्याच्या जवळपास नको. पहिला सीमेन नमुनासुद्धा मी रक्ताचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे उतरल्या दिवशीच रक्त काढा, म्हणजे ते पहिले चार-पाच दिवस वाया जात नाहीत.

याच मुक्कामात लिंगावर गाठी आहेत का बघून घ्या. संसर्गाने पसरणारा गाठीचा आजार मेटिंगमधून जातो. नर ज्या भागातून येतोय तिथे लेशमेनिया हा परजीवीचा आजार असेल तर तीही चाचणी करा. तो मुख्यतः वाळूमाशीमुळे होतो, पण बाधित नराच्या वीर्यातूनही मादीला होऊ शकतो.

जातीचे आजार आणि चिपचा नंबर

इथे यादी जातीनुसार बदलते, सगळी देत बसत नाही. डोबरमनला दरवर्षी हृदयाचा इको आणि 24 तासांचा होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद) हवा, नुसत्या जनुकीय चाचणीवर भागत नाही. लॅब्रडॉरला खुबे, कोपर, डोळे आणि व्यायामाने कोसळण्याच्या आजाराची डीएनए चाचणी. खुब्यांची प्रत, म्हणजे ग्रेड, देशोदेशी वेगळी लिहितात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघाच्या पद्धतीत ए ते ई आणि ए सर्वांत चांगली. अमेरिकेतल्या ओएफए या प्राण्यांच्या हाडा-सांध्यांचे दाखले देणाऱ्या संस्थेचा अंतिम दाखला 24 महिन्यांआधी मिळत नाही. डोळ्यांचा दाखला वर्षभराचाच समजा.

प्रत्येक कागदावरचा 15 आकडी चिप नंबर कुत्र्याच्या अंगातल्या चिपशी स्वतः ताडून पाहा. माझ्यासमोर आलेल्या एका रॉटवायलरचा खुब्यांचा दाखला अस्सल होता, प्रत ए होती, फक्त शेवटचे चार आकडे दुसरे होते. दाखला त्याच्या भावाचा.

करारात काय असावं

तोंडी शब्द देशाच्या सीमेपलीकडे चालत नाही. सीमेन, ब्रुसेला आणि जातीच्या चाचण्यांचे रिपोर्ट पैसे देण्याआधी. शेवटचा हप्ता उतरल्यानंतरच्या पहिल्या सीमेन रिपोर्टवर. 75 दिवसांनीही नमुना खराबच राहिला तर पैसे परत, बदली नर की किमतीत सूट, आणि कुत्रा परत पाठवायचा खर्च कुणाचा, हे आकड्यांसकट लिहा. तपासणी कोण करणार तेही, नाहीतर दोन लॅबचे दोन रिपोर्ट घेऊन भांडत बसाल. तुमच्या देशात ब्रीडिंगसाठी कुत्रा आणायला परवानगी आहे का हे त्याही आधी विचारा. आणि प्रवासात गुंगीचं औषध देऊ नका, आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या मार्गदर्शनातही ते नको असंच म्हटलेलं आहे.

सगळं निभावलं की पहिली मेटिंग आधी सुखरूप व्यालेल्या, ब्रुसेला निगेटिव्ह मादीशी लावा. मादीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन बघून दिवस ठरवा, नाहीतर दिवस तुमचा चुकेल आणि नाव नराचं खराब होईल. सोनोग्राफी 28व्या दिवसाच्या सुमारास. आणि त्याचं वीर्य उत्तम आहे तोवरच थोडं गोठवून ठेवा.