वादळाने छप्पर उडालेले घर: गोव्यात विकताना आणि घेताना काय करावे

मे महिन्यात सौदा ठरला, खरेदीखताची तारीख जुलैतली पडली आणि मधल्या एका रात्री वाऱ्याने पाख्याच्या (छपराच्या एका उताराच्या) कडेची चाळीसेक कौले उचलून अंगणात आपटली. घर अजून विकणाऱ्याचे, पण घेणाऱ्याने विसार (आगाऊ रक्कम) दिलेला. अशा वेळी दोघेही घाई करतात. विकणारा चार नवी कौले बसवून आतून रंग मारतो, घेणारा घाबरून सौदाच मोडायला निघतो. दोन्हींची गरज नसते. नुकसान नीट मोजले, कागदावर घेतले आणि त्याची किंमत खरेदीखताआधी ठरवली तर व्यवहार सुरळीत पार पडतो.

हा प्रश्न गोव्यात फक्त पावसाळ्यातला नाही. मेमधली वळवाची वादळे, ऑक्टोबरमधला परतीचा गडगडाट आणि अरबी समुद्रातून जाणारी चक्रीवादळे, तिन्ही छपराला नडतात. नोव्हेंबर २००९ चे फयान, ऑक्टोबर २०१९ चे क्यार आणि मे २०२१ चे तौक्ते यांच्या तारखा पाहिल्या तर कराराच्या मुदतीत वादळ सापडण्याची शक्यता किती खरी आहे ते कळते.

पहिले दोन दिवस

घरात पाणी आले असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. ओल्या छतातून वायरिंग गेलेले असते आणि दिवा लागतो म्हणजे सगळे ठीक आहे असे नसते. छपरावर झाड पडले असेल तर वीज खाते आणि अग्निशामक दलाला कळवावे. वीजतार अडकलेल्या फांदीला स्वतः हात लावू नये.

झाकण्याआधी फोटो काढावेत. दुरून पूर्ण घर, मग प्रत्येक पाखे, मग जवळून तुटलेला भाग, आणि शेवटी आतून वासे, रिपा (वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्ट्या) व भिंतीचे माथे. फुटलेली कौले मोजून एका कोपऱ्यात रचून ठेवावीत, फेकू नयेत. पंचायतीला आणि तलाठ्याला लेखी अर्ज देऊन पंचनाम्याची प्रत मागावी. सरकारी मदत किती मिळेल हा वेगळा भाग झाला, पण नुकसान कोणत्या तारखेला झाले याचा हा त्रयस्थ पुरावा पुढे करारातही उपयोगी पडतो.

ताडपत्री घालताना एक चूक सगळीकडे दिसते: ती फक्त भोकावर टाकून वर दगड ठेवतात. वारा खालून शिरतो आणि ताडपत्रीसोबत दगडही खाली येतो. ताडपत्री आढ्याच्या (दोन पाखी वर जिथे मिळतात त्या माथ्याच्या) पलीकडे किमान तीन-चार फूट जाईल एवढी घ्यावी. तिची कड लाकडी पट्टीवर दोन वेढे गुंडाळून पट्टी खालच्या वाशाला बांधावी. आढ्यापर्यंतच नेली तर वरच्या कडेतून पाणी ताडपत्रीखाली जाते. ओल्या कौलांवर चढू नये. चढावेच लागले तर पाऊस थांबल्यावर, वाशांवर भार येईल अशी आडवी फळी टाकून.

नुकसान नेमके कुठे असते

मंगळुरी कौले (गावात नळेच म्हणतात) एकमेकांत अडकतात, पण रिपेवर ती नुसती टांगलेली असतात. एक कौल साधारण अडीच ते तीन किलोचे, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, म्हणजे मीटरमागे चाळीसेक किलो वजन. हेच वजन छप्पर धरून ठेवते. वारा पाख्यावरून जाताना वरून ओढ निर्माण करतो, आणि ती ओढ सर्वांत जास्त असते कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ. म्हणून तपासणी तिथून सुरू करावी. मधली कौले जागेवर दिसली म्हणून छप्पर वाचले असे समजू नये. थोडेसे उचलून पुन्हा बसलेले कौल खाचेतून सुटलेले असते आणि पुढच्या तिरक्या पावसात तिथूनच गळते.

कौल स्वस्त असते, लाकूड महाग. एक फुटके कौल आठवडाभर तसेच राहिले तर त्याखालची रीप, वासा आणि भिंतीचा माथा भिजतो, आणि खरा खर्च तिथे असतो.

तपासणी दिवसा करावी. खिडक्या आणि दिवे बंद करून आतून वर पाहिले की उजेडाचे ठिपके दिसतात. जुन्या घरांत खाली लाकडी छत असते आणि काही दिसत नाही. तेव्हा दोन-तीन फळ्या उघडून दाखवा असे घेणाऱ्याने स्पष्ट सांगावे. फळी उघडू न देणारा विक्रेता असेल तर तिथे काही लपले आहे असे धरूनच भाव बोलावा.

मग वाशाचे टोक तपासावे, जिथे ते भिंतीवर टेकते. स्क्रू-ड्रायव्हर जोर देऊन टोचला की चांगल्या माटीच्या (म्हणजे ऐनाच्या) किंवा सागाच्या लाकडात तो जेमतेम शिरतो. अर्धा इंच सहज गेला तर ते टोक कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. मात्र भर पावसात चांगले लाकूडही अठरा-एकोणीस दाखवू शकते, म्हणून गळक्या जागेचा आणि कोरड्या खोलीचा असे दोन आकडे घेऊन फरक पाहावा. वाशाला सुतळी ताणून लावावी. दहा फूट वाशाला पाऊण इंचाहून जास्त पोट आले असेल तर तो वासा बदलायच्या यादीत घालावा.

डागही बोलतात. काळसर, ओला, कडा नसलेला डाग ताजा असतो. एकात एक तपकिरी वलये दिसली तर तिथे बरीच वर्षे गळते आहे आणि वादळाने फक्त ते उघडे पाडले. हा फरक विम्याच्या दाव्यात आणि किमतीच्या बोलणीत, दोन्हीकडे लागतो.

भिंत चिऱ्यांची, पण सांधे मातीचे असतील तर भिंतीच्या माथ्याकडे विशेष लक्ष द्यावे. वरून गेलेले पाणी सांध्यातली माती खाली वाहून आणते, गिलावा फुगतो आणि बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजतो. त्यावर मारलेला ताजा रंग हा घेणाऱ्यासाठी इशारा आहे.

पत्र्याचे छप्पर असेल तर हिशेब उलटा. पत्रा चौरस मीटरला जेमतेम पाच किलोचा, त्यामुळे तो वजनाने बसत नाही, स्क्रूने धरलेला असतो. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने तडकले आहेत का, स्क्रूभोवतीची भोके वाऱ्याने लांबट झाली आहेत का, आणि कडेच्या ओळीत स्क्रू दाट आहेत का ते पाहावे. कौले काढून त्याच जुन्या वाशांवर पत्रा चढवला असेल, तर ते वासे भिंतीला लोखंडी पट्टीने बांधले आहेत का हे आवर्जून विचारावे. आधी कौलांच्या वजनाने दबून राहिलेला सांगाडा पत्र्याखाली मोकळा होतो आणि मोठ्या वाऱ्यात पत्र्यासकट उचलला जातो. पत्रा घालताना उंची वाढवली असेल तर पंचायतीचा परवाना मागावा. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कोरडे कापू किंवा फोडू नयेत, पाणी मारून अख्खे उतरवावेत.

सदनिकेच्या इमारतीत छप्पर सोसायटीचे असते. तिथे दुरुस्ती कोण करणार आणि वर्गणी कोणाच्या नावावर पडणार हे सोसायटीकडून लेखी घेतले की पुरे.

दुरुस्तीचा अंदाज कसा काढावा

पाख्याची लांबी आणि उताराची लांबी मोजावी, जमिनीवरची नव्हे. तीस फूट लांब आणि उतारावर चौदा फूट असलेले एक पाखे म्हणजे ४२० चौरस फूट. शंभर फुटाला दीडशे कौले धरली तर ६३०, त्यावर वाहतुकीत व चढवताना फुटणारी पाच ते दहा टक्के. आढ्यावरची कोनी कौले मीटरला तीन. रिपांमधले अंतर बहुतेक मंगळुरी कौलांना साडेबारा इंचांच्या आसपास येते, पण आपल्या हातातले कौल मोजल्याशिवाय रिपा ठोकू नयेत.

इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. जुन्या घरावरची कौले ज्या कारखान्याची असतात त्यांचा साचा आजच्या कौलांशी जुळत नाही. दोन मिलिमीटरचा फरकही खाच नीट बसू देत नाही, आणि नव्या-जुन्याच्या सांध्यातून पाणी येते. म्हणून मधेमधे नवी कौले भरू नयेत. जास्त फुटलेल्या पाख्यावरची शाबूत जुनी कौले उतरवावीत, एकेक ठोकून खणखणीत वाजणारी निवडावीत, त्यांनी दुसरे पाखे पुरे करावे आणि पहिल्या पाख्यावर सगळी नवी घालावीत. खर्च थोडा वाढतो, पण हाच टिकणारा मार्ग आहे.

कडेच्या दोन ओळी आणि आढ्याखालची ओळ तारेने रिपेला बांधून घ्यावी. कौलाच्या पाठीवर त्यासाठी भोकाचा कान असेल अशी कौले मागावीत. खाऱ्या वाऱ्यात साधी तार लवकर सडते, म्हणून जस्ताचा मुलामा असलेली किंवा तांब्याची घ्यावी. आढ्याची कौले बसवण्याआधी पाण्यात भिजवावीत, नाहीतर ती सांध्यात भरलेल्या मालातले पाणी शोषतात आणि सांधा पहिल्याच उन्हात तडकतो.

अंदाजपत्रक सुताराकडून आणि शक्य तर एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून, असे दोन घ्यावे. कौले, लाकूड, मजुरी, बांबूचा परांचा आणि भिंतीचे काम यांचे आकडे वेगवेगळे असावेत. एकच गोळा रक्कम लिहिलेला कागद वाटाघाटीत निरुपयोगी ठरतो. घर किनाऱ्याजवळ, सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) असेल तर दुरुस्तीलाही किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते का ते काम सुरू करण्याआधी विचारावे.

नुकसान कोणाचे

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ यातली तीन वाक्ये लक्षात ठेवली तरी बरेच वाद टळतात. नुसत्या विक्रीच्या कराराने मालकी जात नाही (कलम ५४). साध्या काळजीने घेणाऱ्याला सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने उघड करायचा असतो, आणि करारापासून ताबा देईपर्यंत घराची काळजी शहाण्या मालकासारखी घ्यायची असते (कलम ५५). मालकी घेणाऱ्याकडे गेल्यानंतरचे नुकसान मात्र घेणाऱ्याचे. म्हणजे खरेदीखताच्या आदल्या रात्री उडालेले छप्पर आणि दुसऱ्या रात्री उडालेले छप्पर यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

पण कायद्यावर विसंबून राहू नये. करारात स्वतंत्र कलम घालावे. मजकूर असा ठेवता येईल: «खरेदीखत होईपर्यंत वादळ, पाऊस किंवा झाड पडल्याने घराचे नुकसान झाल्यास विक्रेता तीन दिवसांत लेखी कळवील. उभयतांनी मान्य केलेल्या अभियंत्याच्या अंदाजानुसार विक्रेता खरेदीखतापूर्वी दुरुस्ती करील, किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी केली जाईल. खर्च किमतीच्या अमुक टक्क्यांहून जास्त झाल्यास खरेदीदारास विसार परत घेऊन करार रद्द करता येईल.» टक्केवारी दोघांनी ठरवावी आणि मसुदा वकिलाला दाखवावा.

करार आधीच झाला असेल तर पुरवणी करार करावा. गोव्याच्या नागरी संहितेनुसार घर विकायला पती-पत्नी दोघांची संमती लागते, आणि वारसाहक्काच्या घरात भावंडेही येतात. पुरवणी करारावरही त्या सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मालक परदेशात आणि कुलमुखत्यार इथे, ही गोव्यात नेहमीची गोष्ट. तेव्हा नुकसानीचे फोटो आणि अंदाज मालकालाही ईमेलने पाठवावेत, म्हणजे पुढे कोणी «मला ठाऊक नव्हते» म्हणू शकणार नाही.

दुरुस्ती की सूट? घेणाऱ्याने शक्य तिथे सूट घ्यावी आणि काम स्वतः करून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत. सोडून जाणारा माणूस छपराला दोन पावसाळ्यांपुरते सांभाळतो, राहायला येणारा वीस वर्षांचा विचार करतो. मात्र पावसाळा समोर असेल तर तात्पुरती दुरुस्ती विकणाऱ्याने आजच करायला हवी, नाहीतर ५० कौलांचे नुकसान आठ वाशांवर जाते. विकणाऱ्यानेच पूर्ण काम करायचे ठरले, तर थोडी रक्कम रोखून ठेवावी आणि दोन-तीन जोराच्या सरी पडून आत गळत नाही हे पाहिल्यावरच सोडावी.

वाटणीचे घर असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. दोन भावांत घर विभागले तरी आढे एकच असते. आपला अर्धा भाग नवा केला आणि शेजारचा गळत राहिला, तर पाणी मधल्या भिंतीतून आपल्याकडे येते. शेजारच्या हिश्शाच्या मालकाशी सामाईक आढ्याची दुरुस्ती लेखी ठरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विमा आणि ताब्याचा दिवस

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्या भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी देतात. तीत वादळ, चक्रीवादळ, पूर आणि घरावर झाड पडणे यांचे नुकसान धरलेले आहे. वर्षानुवर्षांची झीज आणि कुजलेले लाकूड धरलेले नाही. दावा करताना ताज्या आणि जुन्या डागांचे फोटो वेगळे ठेवले, तर सर्वेक्षकाशी वाद कमी होतो. त्याने पाहण्याआधी छप्पर पूर्ण बदलू नये. ताडपत्री मात्र लगेच घालावी, नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाची जबाबदारीच असते.

विकणाऱ्याची पॉलिसी घरासोबत आपोआप घेणाऱ्याकडे येत नाही. दावा चालू असताना खरेदीखत होणार असेल, तर मिळणारी रक्कम कोणाची हे करारात लिहावे. घेणाऱ्याने स्वतःची पॉलिसी खरेदीखताच्या तारखेपासूनच सुरू करावी. गृहकर्ज असेल तर बँकेच्या मूल्यमापकाला दुरुस्तीचा अंदाज आधीच द्यावा. उघडे छप्पर पाहून तो किंमत खाली आणतो आणि शेवटच्या आठवड्यात रक्कम अपुरी पडते.

ताबा घेताना माळ्यावर किंवा गोठ्यात रचलेली जुनी कौले पाहावीत. ती त्याच साच्याची असतात आणि बाजारात पुन्हा मिळत नाहीत. किती आहेत ते मोजून, «घरासोबत दिली» असे ताबापावतीत लिहून घ्यावे.